ट्यूबखालची पांढरी साडी

१

माझा स्वभाव संशयी आहे, असं लता गेली चाळीस वर्षं अख्ख्या इंदिरानगरला सांगत आलीय. आता काय करणार? ओझरच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्याने चांगला म्हणून पाठवलेला भाग हातात घ्यायचा आणि यात खोट कुठंय ते शोधायचं, याचाच मला पगार मिळायचा. घरी आल्यावर तो डोळा खुंटीला टांगून ठेवता येत नाही. भाजीवालीचा काटा, बँकेचा मेसेज, शेजाऱ्याला अचानक फुटलेली माया, सगळं मी एकदा उलटून बघतो.

लतावर मात्र कधी संशय घेतला नाही. घ्यायला जागाच नव्हती. सकाळी मी उठायच्या आधी ती उठलेली, रात्री माझा डोळा लागला तरी तिची खुडबुड चालूच. दिवसभर पायावर उभी. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "लताबाई, टेका की जरा!" लता म्हणायची, "टेकते, टेकते," आणि उभीच राहायची. त्याचं सगळ्यांना कौतुक. मलाही होतं.

तर झालं असं की, हर्षल नावाचा एक मुलगा माझ्याकडे आला. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. त्याचा मित्रांचा ग्रुप आहे. मोबाईल खिशात असताना ही मंडळी जुन्या कॅमेऱ्यात फिल्म घालून फोटो काढतात. म्हणाला, "काका, एखाद्या रविवारी आमच्यासमोर बोला ना. हौशी माणसाला रंगीत फिल्मचे फायदे काय, असं काहीतरी. फोटोची फिल्म, सिनेफिल्म, दोन्ही. तुमच्याकडे तर जुन्या स्लाइडचा खजिना आहे."

मी जाम खूश झालो. चेहऱ्यावर अर्थातच दाखवलं नाही.

नमुना म्हणून त्याला दुपारी पडदे ओढून हॉलमध्ये स्लाइड दाखवायला बसलो. सुरुवातीलाच सांगितलं, "हे बघ, मोबाईल तुला सावरून घेतो. बल्ब पिवळा असो, ट्यूब हिरवी असो, तो पांढऱ्याला पांढरंच दाखवतो. आपला डोळासुद्धा तेच करतो. स्लाइडची रंगीत फिल्म असली लाडीगोडी लावत नाही. ती उन्हासाठी बनवलेली. बल्बखाली नेली की पांढरा सदरा नारिंगी येणार, ट्यूबखाली नेली की हिरवट. लोक याला दोष म्हणतात, मी फायदा म्हणतो. माणूस कुठल्या उजेडात उभा होता, ते ती खरं सांगते."

आणि या बाबतीत आमच्या घरच्यासारखे नमुने कुठे मिळणार नाहीत. बुद्धपौर्णिमा असो, लग्न असो, नामकरण असो, आम्ही सगळे पांढऱ्यात. मी विहारातली एक जुनी स्लाइड लावली. वर ट्यूब, खाली दोन रांगांत माणसं, झाडून सगळी दुधीभोपळ्यासारखी हिरवट. हर्षल खो खो हसला. मग पुढे सरकला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाला, "काका, काकूंना वेगळा फ्लॅश मारला होता का?"

मी म्हटलं, "माझ्याकडे फ्लॅश नव्हताच."

"मग या एकट्याच पांढऱ्या कशा?"

दुसऱ्या रांगेत मधोमध लता उभी होती. साडी पांढरीशुभ्र. आजूबाजूला एवढा हिरवा उजेड, पण तिच्या पदराच्या काठालासुद्धा तो लागलेला नव्हता.

२

हर्षल गेल्यावर मी पहिला संशय घेतला तो निळीवर. लता पांढऱ्या कपड्यांना नीळ सढळ हाताने घालते. नीळ घातलेलं कापड फिल्मवर जास्त उजळ येतं, हे मला माहीत होतं. स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती.

"लता, साडीला नीळ किती घालतेस?"

"का? आता निळीचंपण इन्स्पेक्शन करायचंय?"

"सांग तर."

"तुमच्या सदऱ्याला घालते तेवढीच. एका बादलीतून काढते दोन्ही." तिने वर पाहिलं, डोळे बारीक करून, कपाळाशी हात नेऊन. ही तिची सवयच. घरातल्या घरातसुद्धा असाच हात धरते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी कैक वर्षं म्हणत आलोय. "काय बघताय टकामका? बायको आहे तुमची."

मी हॉलमध्ये परत आलो.

मग मी सगळ्या स्लाइड काढल्या आणि ओळीने लावून बघत गेलो. आमच्या लग्नात बल्बच्या माळा होत्या. सगळे नारिंगी, लताही नारिंगी. राकेशच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या नामकरणाला ट्यूब. सगळे हिरवट, लताही हिरवट. बरं वाटलं. म्हटलं, संपला विषय. पुढची पेटी उघडली. राकेशचा पहिला वाढदिवस. बल्बखाली केक, नारिंगी माणसं, नारिंगी भिंत, आणि पाठीमागे लता पांढरी. त्यानंतरच्या प्रत्येक स्लाइडमध्ये पांढरी.

नीळ ट्यूबशी थोडीफार झगडेल. बल्बला नाही हरवणार. आणि कापडाचं एक वेळ सोडा, चेहऱ्याला कोणी नीळ लावतं का? बाकीच्यांचे चेहरे त्या त्या दिव्याचे होते. लताच्या चेहऱ्यावर नाकाखाली आणि हनुवटीखाली काळी, धारदार सावली. अशी सावली भर दुपारी उघड्यावर पडते. खोलीत पडत नाही.

नामकरण आणि पहिला वाढदिवस, या दोघांच्या मध्ये माझ्याकडे एकच चित्रण होतं. तेही स्लाइड नव्हतं. गंगापूर धरणावरच्या सहलीचं सिनेफिल्मचं रीळ.

३

कारखान्यात आमचा हौशी लोकांचा कॅमेरा क्लब होता. क्लबने मिळून एक सिनेकॅमेरा घेतला होता आणि त्या सहलीत प्रत्येकाला एकेक रंगीत रीळ वापरायला मिळालं. आम्ही सगळे साध्या कॅमेऱ्यावर वाढलेले. त्यामुळे सगळ्यांनी एकच गाढवपणा केला. सिनेकॅमेऱ्यासमोर माणसाने हलायचं असतं, चालायचं, हसायचं. आम्ही आपापल्या बायकामुलांना उभं करून ओरडत होतो, "हलू नका!"

त्यात माझी एक वेगळीच ख्याती. फोटो काढून झाला की लोक "झालं" म्हणतात. मी म्हणत नाही. इन्स्पेक्शनची सवय, दुसरं काय! भाग चांगला असेल तर गुपचूप पुढे सरकवायचा, खोट असेल तरच तोंड उघडायचं. त्यामुळे माझ्यासमोर माणसं उभीच्या उभी राहायची, शेवटी कोणीतरी फिसकन हसलं की पांगायची. सहादूभाऊच्या फोटोत उभं राहिलं की घरी जायला अंधार होतो, अशी क्लबात थट्टा चालायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढले आणि प्रोजेक्टर लावला. पट्टा कुरकुरत फिरू लागला. निळंशार पाणी, तापलेले दगड, डब्यांभोवती बसलेल्या बायका. रंग अजून काय सुरेख राहिलेत, असं मनात आलंही. मग लता आली.

ती पाण्याच्या कडेला उभी होती. साडी पांढरी, ऊन बरोबर डोक्यावर. मी सांगेपर्यंत हलू नको, असं बजावून मीच तिला भर उन्हात उभं केलं होतं, कारण रंगीत फिल्मला ऊन भरपूर लागतं, असं आम्हाला शिकवलेलं. ती हलत नव्हती. फक्त पदर हलत होता. बऱ्याच वेळाने तिने कपाळाशी हात नेला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मुकी फिल्म, पण एवढे दोन शब्द कोणालाही वाचता येतील.

"झालं का?"

तेवढ्यात कडेने नारिंगी लोट आला आणि पडदा नुसता पांढरा झाला. रीळ संपलं होतं.

त्यापुढचं मी आठवून बघितलं. रीळ संपलं म्हणून कॅमेरा पुढच्या माणसाकडे दिला. मग झाडाखाली गप्पा, मग जेवण. लता मागून आली असणार. आलीच असणार, नाहीतर मला वाढलं कोणी? पण ती पाण्याकडून चालत येताना मला आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना.

"कसली फिल्म?"

मी दचकलोच. लता दारात उभी होती.

"धरणावरची. ये, बघ. तू कधी बघितलीच नाहीस."

ती पडद्याकडे वळलीसुद्धा नाही. "काय बघायचं त्यात? लय ऊन आहे तिथं," म्हणाली आणि आत गेली.

लय ऊन होतं म्हणाली असती तर मी विसरूनही गेलो असतो.

४

अशातच राखी आली. राकेशची मुलगी, पहिलीत जाणारी, आमच्या दोघांचा जीव की प्राण. राकेश आणि सूनबाई ज्योत्स्ना पुण्याला असतात. ज्योत्स्नाला कंपनी वर्षभरासाठी परदेशी पाठवत होती, राकेशची नोकरी पाळ्यांची, म्हणून राखीने वर्षभर आमच्याकडे राहायचं ठरलं होतं. इथल्या शाळेत नावही घातलेलं. लताने तिच्यासाठी कपाट रिकामं केलं होतं. मी मात्र घुम्यासारखा बसून होतो.

"नात आली तरी तोंड तसंच!" लता म्हणाली. "कोणाचं काय हरवलंय?"

मी मनात म्हटलं, तेच शोधतोय.

हर्षलने मला स्लाइडचा एक ताजा रोल आणून दिला होता, भाषणासाठी नवे नमुने काढायला. मी ठरवलं, या बुद्धपौर्णिमेला काय तो निकाल एकदाचा लागू दे. लताची साडी, राखीचा फ्रॉक आणि माझा सदरा मी स्वतः एका बादलीत निळीतून काढले. लता कमरेवर हात ठेवून बघत होती. "एवढ्या वर्षांत कधी रुमाल धुतला नाहीत हो! नातीपुढे शायनिंग का?"

विहारातून आलो, खीर खाल्ली. संध्याकाळी पडदे ओढून हॉलची जुनी ट्यूब लावली. घरभर एलईडी आले तरी ही मी काढू दिलेली नाही. राखीला पुढे उभं केलं, लताला तिच्या मागे. लताने दोन्ही हात राखीच्या खांद्यांवर ठेवले.

"हलू नका," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

राखी थोडा वेळ थांबली. मग कंटाळून म्हणाली, "आबा, झालं का?"

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. मी काही बोलायच्या आत ती फिदीफिदी हसत गॅलरीत पळाली. लता तशीच उभी. राखी गेली तरी तिचे दोन्ही हात राखीच्या खांद्यांच्या उंचीवर, हवेत. नजर माझ्यावर. कशाची तरी वाट बघत होती.

"काय गं?"

"कुठं काय," म्हणाली, आणि हात खाली घेतले.

५

स्लाइड धुवायला हर्षलने मुंबईला पाठवल्या. त्या येईपर्यंत मी राखीला लताजवळ फार वेळ राहू दिलं नाही. बागेत ने, दुकानात ने, काहीतरी निमित्त काढायचं. स्वतःचीच लाज वाटायची. जिच्या हातचं खाऊन म्हातारा झालो, तिच्यावर पहारा! वाटायचं, सहादू, तुझं डोकं फिरलंय. निवृत्त माणसाला उद्योग नसला की असं होतं.

लिफाफा आला. मी खिडकीशी जाऊन ती स्लाइड उजेडावर धरली आणि भिंग लावलं.

भिंत हिरवट. राखीचा फ्रॉक हिरवट. लता पांढरी. इथवर मी मनाची तयारी केली होती. पण फ्रॉकच्या दोन्ही खांद्यांवर, लताची बोटं जिथे टेकली होती तिथे, कापड पांढरं झालं होतं. बोटांच्या भोवतीही थोडं. डाग पसरतो तसं ते गळ्याकडे सरकत होतं.

मग मी भिंग लताच्या चेहऱ्यावर नेलं. हा चष्मा तिला पन्नाशीत लागला. समोरच्या वस्तू चष्म्याच्या काचेत उमटतात, म्हणजे आमची ट्यूब दिसायला हवी होती, एक आडवी रेघ. रेघ नव्हती. काचेत खाली निळं पाणी होतं, वर पांढरं आभाळ, आणि मधे दगडांवर एक माणूस डोळ्याला कॅमेरा लावून उभा होता. माणूस तरुण होता. त्याचा चौकटीचा शर्ट माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

स्लाइड खिशात घातली आणि खाली जाऊन राकेशला फोन लावला.

"राखीला घेऊन जा. आजच."

"काय झालं पप्पा? आजारी आहे का ती?"

"नाही. तुझ्या आईजवळ तिला ठेवायला नको."

"आईजवळ? अहो, काय बोलताय तुम्ही? कारण तरी सांगा."

काय सांगणार होतो? तुझ्या आईला घरातला उजेड लागत नाही म्हणून?

राकेशचा आवाज चढला. "आयुष्यभर जगावर संशय घेतलात, चाललं. आता आईवर? त्या बाईने सगळा जन्म तुमच्यासमोर उभं राहून काढला, पप्पा!" तो दम खाऊन म्हणाला, "ज्योत्स्ना आज विमानात बसतेय. मी उद्या येतो, मग बोलू. तोवर आईला काही बोलू नका."

६

वर आलो तर हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. दिवस मावळला नव्हता, तरी ट्यूब लावलेली. लता उभी राहून राखीची वेणी घालत होती. अंगावर तीच पांढरी साडी. राखीनेही हट्टाने पौर्णिमेचा फ्रॉक घातला होता. तो आता मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. खांद्यांवर पांढरा, खाली गेल्यावर ट्यूबच्या उजेडातला. मधली सीमारेषा पोटापर्यंत उतरली होती.

राखीने कपाळाशी हात धरला होता. डोळे बारीक केले होते.

"आबा," ती म्हणाली, "ऊन लागतंय."

मी धावलो आणि तिला ओढून जवळ घेतलं. फ्रॉकचा हाताला चटका बसला. दोरीवर दुपारभर वाळलेला कपडा लागतो तसा.

"लता, काय करतेस तू तिला?"

"मी काय करणार?" तिच्या आवाजात राग नव्हता. थकलेली वाटली, कधी बघितली नव्हती इतकी. "जवळ येते, म्हणून लागतं तिला. सावलीत न्या तुम्ही तिला."

"तूही चल."

"मी कशी येऊ?" तिने हात कपाळाशी नेला आणि धरणावर बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं. "मी सांगेपर्यंत हलू नको, म्हणालात ना?"

तो शब्द माझ्या जिभेवर आला. आणि तसाच थांबला, कारण तो बोललो तर ती या घरात उरणार नाही, हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. कुठे का उभी असेना, मला नको होतं ते इन्स्पेक्शन. तिची खुडबुड हवी होती, टोमणे हवे होते, थंडीतसुद्धा ऊबदार असणारे तिचे हात हवे होते. मी मनात म्हटलं, उद्या राकेश राखीला नेईल, मग आम्ही दोघं राहू आपले. बोलायचंच नाही.

राखी माझ्या हातातून सुटली. धावत जाऊन तिने आजीचा हात पकडला आणि माझ्याकडे तोंड करून तिच्या शेजारी ताठ उभी राहिली.

"आजी, मी पण थांबते तुझ्याबरोबर."

फ्रॉकची पांढरी कड खाली सरकू लागली. गुडघ्यापर्यंत आली. राखीच्या नाकाखाली काळी सावली पडली.

"झालं," मी म्हटलं. "झालं, लता. झालं."

लताने हात खाली घेतला. साडीला निऱ्यांपासून वरपर्यंत हळूहळू ट्यूबचा हिरवट उजेड चढला. माझ्या सदऱ्यासारखाच. तिच्या चेहऱ्यावरची सावली विरघळली. "हुश्श," ती म्हणाली, आणि पाठीमागे हात नेऊन चाचपून खुर्ची शोधली.

"किती वेळ लावलात हो," म्हणाली.

राखीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टाळ्या पिटल्या. "आबा, आबा, बघा ना! आजी बसली!"

मी लताच्या पायाशी बसलो आणि तिचा हात हातात घेतला. मे महिन्यातली संध्याकाळ होती, पंखा गरम हवा टाकत होता. हात गार होता.